लाल चष्मा लावून पाहिलेली मुलगी

शहराच्या लष्कर भागातल्या पहिल्यावहिल्या एक्सरे-डॉक्टरांपैकी रमाकांतराव एक. हाडाला चीर आहे की नाही हे चहाचा घोट घेता घेता सांगणारा माणूस. आता सत्त्याऐंशी वर्षांचे झाले होते. रविवारी मराठी मंडळात त्यांचा सपत्नीक सत्कार ठरला होता, आणि नेमकी पत्नीच अडून बसली होती.

निमित्त झालं नातीचं. श्रुतीला भाषण लिहून द्यायचं होतं, म्हणून तिने आजोबांना जुन्या गोष्टी विचारल्या, आणि आजोबांची गाडी लाल चष्म्यावर घसरली. त्या काळी रोग्याची छाती पडद्यावर बघायची तर खोलीत काळोख करावा लागे. डोळे काळोखाला सरावावेत म्हणून डॉक्टर आधी अर्धा तास लाल काचांचा चष्मा लावून हिंडत. मध्येच काढला की केलेली मेहनत पाण्यात. रमाकांतराव तो लावून सायकलवरून सराफ्यातून निघाले की दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघत बसत. बोलता बोलता आजोबा सांगून गेले, की तुझ्या आजीला बघायला गेलो तोही तसाच, कारण पुढे लगेच पेशंट होता. दिसलं म्हणाल तर काही नाही. एक सावली आली, बसली आणि उठून गेली.

श्रुती हसून हसून लोटपोट झाली. पद्माताई मात्र हसल्या नाहीत. चष्मा त्यांना चांगला आठवत होता, पण त्याच्याआडून का होईना, ह्यांनी आपल्याला नीट पाहूनच पसंत केलं, असं त्या साठ वर्षं धरून चालल्या होत्या.

"मग होकार कशाच्या जोरावर दिलात?" त्यांनी विचारलं. "खरं खरं सांगा, नाहीतर स्टेजवर एकटेच बसा."

रमाकांतरावांनी आधी पत्रिकेवर ढकललं. पद्माताई म्हणाल्या, पत्रिका जुळलीच नव्हती, बाबांना ग्रहशांत करावी लागली होती. मग त्यांनी पोह्यांचं कौतुक काढलं. ते पोहे शेजारणीने केले होते. एरवी कुणालाही न बधणारा हा माणूस दोन दिवस घरात चोरासारखा वावरला. पद्माशिवाय त्या स्टेजवर बसायची कल्पनाच त्यांना सोसेना. सगळा जन्म अंधाऱ्या खोलीत गेला, पण घरी यावंसं वाटलं ते हिच्यामुळे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी त्यांनी हत्यारं खाली ठेवली.

"सगळे मागे लागले होते, चष्मा काढा, मुलगी नीट बघा," ते म्हणाले. "तेवढ्यात तू म्हणालीस, राहू द्या, त्यांचा पेशंट वाट बघत असेल. त्या एका वाक्यावर मी होकार दिला. डॉक्टर असून आवाजावर भाळलो, हे सांगायची लाज वाटायची."

पद्माताई निवडायला घेतलेली मेथी तशीच धरून बसल्या.

"ती मी नव्हते," त्या म्हणाल्या. "ती सीमंतिनी. माझी थोरली बहीण. तिची तर तेव्हा सुपारीसुद्धा फुटली होती. मी आपली मनात म्हणत होते, काढा ना एकदाचा तो चष्मा."

रमाकांतरावांचं तोंड एवढंसं झालं. आता रविवार तर गेलाच, पण पुढचे सगळे वारही धड जायचे नाहीत, असं त्यांना वाटलं.

"रागावलीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"रागावायचं काय त्यात? तिने ते एकदा म्हटलं, बस. पेशंट वाट बघतोय म्हणून अर्ध्या ताटावरून तुम्हाला जन्मभर उठू कुणी दिलं?"

रमाकांतरावांना एकदम भरून आलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि तिच्या हातातली मेथी आपल्याकडे घेतली.

"मग येतेस ना उद्या?"

"येईन," पद्माताई म्हणाल्या. "पण सीमंतिनी पहिल्या रांगेत बसलेली असेल. भाषणात तिचं ते वाक्य आलं, तर मी तिथूनच उठून घरी येईन."