पलीकडच्या भावाचं कुंपण

मी ओढ्याअलीकडचा माळ बोलतोय. साताऱ्याच्या डोंगरात, गावाच्या डोक्यावर पसरलोय. ओढ्यापलीकडचा माळ माझा सख्खा भाऊ. माती एक, पाऊस एक. पण भाऊ म्हटला की भावकी आलीच.

काही वर्षांपूर्वी त्याला तारेचं कुंपण मिळालं. 'फुले तोडू नयेत' अशी पाटीसुद्धा. त्या भाद्रपदात तो असा फुलला की बघणाऱ्यांच्या मोटारी पार घाटापर्यंत लागल्या. लोक त्याच्यापुढे आडवे पडून फोटो काढायचे. माझ्याकडे यायच्या फक्त बनुबाईच्या म्हशी. गवत ओरबाडायच्या, पाणथळ कडेला लोळायच्या आणि जाताना शेण टाकायच्या. त्याला पाटी, मला शेण! माझा नुसता जळफळाट व्हायचा. मलाही कुंपण हवं, एवढाच ध्यास लागला होता.

मग त्याचं गवत वाढू लागलं. कुणी खाईना, कुणी कापेना. जुनं वाळून तिथंच आडवं पडायचं, त्यातून नवं कमरेएवढं उठायचं. मला वाटायचं, काय थाट आहे एकेकाचा!

यंदा गौरी आणायच्या दिवशी शिवतेजने मुद्दाम त्याचं फाटक उघडलं. शिवतेज पंचायतीचा सदस्य, कुंपण त्यानेच आणलेलं. "गौर यंदा आपल्या राखलेल्या माळावरची," तो पोरींना म्हणाला. पोरी ताट घेऊन गौरीचा तेरडा शोधायला गवतात शिरल्या. बराच वेळ चाचपडून रिकाम्या हातांनी परतल्या.

"तेरडा न्हाई ओ दादा. नुसतं गवात हाय."

अलीकडून बनुबाई खदखदून हसली. "आरं सदस्या, गौर काय पेंढ्याची बसवायची व्हय? या गं पोरींनो, हिकडं लय हाय."

खरंच होता. तेरडा गुलाबी झाला होता. म्हशींच्या खुरांनी पडलेल्या खळग्यांत पाणी साचलं होतं, त्यांच्या कडेला सीतेच्या आसवांची इवली निळी फुलं डोलत होती. मी स्वतःकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं! भावाकडून रितं आलेलं ताट माझ्याकडे भरलं, तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

पण शिवतेजही माझ्याकडेच बघत होता. "मग ह्यालाच कुंपण घालू. फुलं तरी वाचतील."

"आन माजी म्हसरं कुठं बांदू? तुज्या सोप्यात?" बनुबाई कडाडली.

आज ओढ्याकाठी खांब येऊन पडले आहेत. ज्याच्यासाठी जळलो ते दारात आलं, आणि मला धडकी भरली. म्हशी गेल्या तर मीही भावासारखा गवताखाली गुदमरेन.

शिवतेजा, ते खांब उचल बाबा. भावाचं फाटक उघड. दिवाळीनंतर त्याचं गवत कापू दे, म्हशींना तिकडेही चरू दे. तोही पुन्हा फुलेल. फुलू दे बापडा. फक्त कपाळावर पांढरा ठिपका असलेली बनुबाईची चांदी म्हैस तेवढी माझ्याकडेच राहू दे. तिच्यासारखे खोल खळगे दुसरी कुणी पाडत नाही.