खडूच्या रेघेमागं

माझं नाव विनोदिनी, पण विनोद फक्त नावातच. वडूजात माझा फोटो स्टुडिओ हाय, आन शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो काढायचे दिवस आले की माझं डोकं तापलेलंच असतं. एक पोरगं डोळं मिटतंय, दुसरं शेजारच्याला चिमटा काढतंय. त्यात या वस्तीवरच्या शाळेत निळं कापड टांगायला धड भिंत न्हाई. मग खिचडी शिजवणाऱ्या बयाबाई बाकावर उभ्या राहून दोन्ही हातांनी कापड पसरून धरत्यात. त्या कापडामागं, पोरं कापडापुढं. नंतर मी कॉम्प्युटरवर कापड, बयाबाईंची बोटं, सगळं पुसून मागं पांढरं करती.

आता हे नीट पुसलं जायचं तर पोरानं कापडापासून हातभर पुढं उभं राहायला पायजे. न्हाईतर सावली केसांना चिकटती आन कडा कातरता कातरता जीव जातो. म्हणून मी जमिनीवर खडूची रेघ मारती. सगळी पोरं रेघेवर उभी राहत्यात, एक प्राची सोडून.

पाचवीतली पोर, अभ्यासात लय हुशार. पण फोटोला उभी राहिली की हळूच मागं सरकणार. मी वरडायची, "पुढं हो गं." व्हायची पुढं, आन बटण दाबायच्या आत परत मागं. औंदा जुन्या फायली चाळताना बघितलं, तर दरसालचा तिचा फोटो तसाच. डोकं पार कापडाला टेकलेलं, भोवती चुण्याच चुण्या. एवढी शहाणी पोर, हिला एक रेघ कशी कळत न्हाई? मला काय चैन पडंना.

म्हणून औंदा शाळेत जरा लवकर गेले. बयाबाई तांदूळ निवडत बसल्या हुत्या.

"आवं बयाबाई, ती प्राची कुणाची हो?"

त्यांचा हात सुपातच थांबला. "माझ्या लेकीची लेक हाय ती. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

मला कुठलं म्हाईत.

"तिच्या बारशात आमच्या मालकांनी मानाची टोपी व्याह्याच्या आधी त्याच्या भावाला घातली. झालं, तवापासनं येणं-जाणं बंद. लेक-जावई लांब केरळात, सोनं गाळायच्या दुकानावर. पोर हितं त्या व्याह्याजवळ, म्हंजी बापाकडच्या आज्ज्याजवळ. त्यानं तिला शपथ घातलीया, त्या बाईशी बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. रोज माझ्या हातनं खिचडी घेती, पर मान वर करत न्हाई." त्यांनी सूप खाली ठेवलं. "शपथ पाळती, का खरंच मी तिला नकोशी झालीया, एवढंच मला कळंना."

मी विचारलं, "कापड धरल्यावर तुमाला पुढची पोरं दिसत्यात का हो?"

"कुठलं? सगळं निळंच निळं. पर दरसाल एक पोर मागं टेकतं. आधी मांडीशी लागायचं, आता पोटापतोर आलंय. दमत आसंल बिचारं. मी बी मग हलत न्हाई."

मी गपकन लॅपटॉप उघडला. दुसरीतला, तिसरीतला, चौथीतला, न पुसलेले फोटो एकामागनं एक दाखवले. वर बयाबाईंची बोटं, खाली प्राचीचं टेकलेलं डोकं. बयाबाई उठून जवळ आल्या आन तांदळाच्या पांढऱ्या हातानं स्क्रीनवरचे ते केस चाचपायला लागल्या. मी तापट बाई, पण हात लावू नका म्हणायचं मला सुचलंच न्हाई.

"बोलायची शपथ हुती," त्या म्हणाल्या. "टेकायची न्हवती."

मग फोटो सुरू झाले. बयाबाई कापड धरून बाकावर चढल्या. प्राचीची पाळी आली तशी ती रेघेवर उभी राहिली आन माझ्या वरडण्याची वाट बघायला लागली.

"मागं सरक," मी म्हटलं.

माझ्याकडं बघत बघत ती एक पाऊल मागं सरकली.

"अजून. टेक नीट."

ती टेकली. कापड जरा बी हललं न्हाई. मी एक फोटो काढला, दुसरा काढला, उगाच अजून एक काढला. रांगेतली पोरं कुरकुरायला लागली.

तेवढ्यात कापडामागनं आवाज आला, "ताई, फोटो निघाला आसला तरी लगेच सांगू नगा."