काटेरी दोरा

धाकटी डॉक्टर होती आणि चेहरे वर उचलून द्यायची. दवाखान्याच्या दारावर या कामाला भारदस्त नाव होतं, पण कोणी विचारलं की तिची ताई एवढंच सांगायची, "आमची धाकटी पडलेली तोंडं वर करते." यात कौतुक होतं की टोमणा, हे धाकटीला कधी उमगलं नाही, आणि विचारत बसायला तिला सवडही नव्हती.

काम तसं डोकेबाज. त्याला एक खास दोरा लागतो. त्याच्या अंगभर बारीक काटे असतात, सगळे एकाच बाजूला कललेले. कानशिलाजवळ टोचून पोकळ सुईतून तो गालाच्या कातडीखाली सरकवायचा, सुई काढून घ्यायची आणि दोरा वर खेचायचा. काटे आत रुततात, गाल दोऱ्याबरोबर वर येतो आणि तिथंच थांबतो. गाठ मारायची भानगड नाही. बाहेर राहिलेलं टोक कापलं की झालं काम. ऑपरेशनच्या टेबलावर पोटं शिवायलाही असाच दोरा लागतो, आणि उमेदवारीच्या काळात धाकटीनं पोटं पुष्कळ शिवली होती. पण शिवलेल्या पोटाकडे आरशात बघून कोणी हरखत नाही. चेहऱ्याचं तसं नसतं. धाकटी तिच्याकडे येणाऱ्यांना पेशंट म्हणायची, आजारी मात्र त्यातलं कोणीच नसायचं.

खरी आजारी होती ती आई, आणि ती ताईच्या वाट्याला आली होती. वाटणी कोणी केली नव्हती. धाकटी शिकत होती, मग धाकटीचा दवाखाना नवा होता, मग तो चालायला लागला म्हणून तिला वेळ नव्हता. ताईला मात्र कायम वेळ होता, कारण तिच्याकडे वेळ आहे असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. तिनं नोकरी सोडली तेव्हा धाकटी म्हणाली होती, "बरं झालं, तुझीही दगदग वाचली."

आईचं डोकं हळूहळू रिकामं होत गेलं. आधी गावं गेली, मग माणसं, मग शब्द. धाकटीला ती ओळखेनाशी झाली, त्याला बराच काळ लोटला. धाकटी फळं घेऊन यायची, पलंगाच्या कडेला बसायची आणि आई तिच्याकडे, बसमध्ये शेजारी येऊन बसलेल्या बाईकडे बघावं तसं बघायची. ताईला तरी कुठं मुलगी म्हणून ओळखत होती? पण ताईचं एक झालं होतं. वय वाढलं तशी ती हुबेहूब आजीसारखी, म्हणजे आईच्या आईसारखी दिसायला लागली होती. तसेच उतरलेले गाल, ओठांच्या कडांना तशाच दोन घड्या, हनुवटीखाली तशीच सैल कातडी. एक दिवस आईनं तिच्याकडे बघून हाक मारली, "आई." तेव्हापासून ताई आपल्या आईची आई झाली.

जेवण भरवण्याची ताईची एक रीत होती. लापशीचा चमचा समोर धरायचा आणि आधी आपणच मोठ्ठा आ करायचा, अगदी पडजीभ दिसेल असा. आई तिच्या तोंडाकडे बघायची, बघता बघता तिचंही तोंड उघडायचं, की चमचा आत. दुसऱ्या कोणाच्या हातून ती खात नव्हती. मदतीला ठेवलेल्या दोन बाया हात टेकून निघून गेल्या होत्या.

मग धाकटीच्या दवाखान्यात एक प्रशिक्षण ठरलं. बाहेरगावचे डॉक्टर येणार, त्यांच्यासमोर ती जिवंत माणसावर दोरे घालून दाखवणार. नावलौकिकाची गोष्ट होती. ज्या बाईवर करून दाखवायचं होतं, तिनं ऐनवेळी माघार घेतली. धाकटी त्या आठवड्यात आईला बघायला आली होती. चहा पिता पिता ती ताईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, तू स्वतःसाठी आयुष्यात कधी काही केलंस का गं?"

"हे काय मधेच?"

"माझ्याकडून भेट समज. एक पैसा लागणार नाही. दहा वर्षांनी लहान दिसशील."

"लहान दिसून करू काय? आईला पावडर लावू?" ताई हसली. पण हसता हसता तिचा हात आपसूक गालाकडे गेला.

तो हात धाकटीनं बरोबर टिपला. कितीतरी वर्षांत ताईला कोणी, तुला काय हवंय, असं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिनं झोप मागितली असती. पण समोर आलं ते हे, आणि बहिणीच्या हातून आलं, म्हणून ती विरघळली. धाकटीला तेव्हा आपण फार प्रेमानं वागतोय असं अगदी मनापासून वाटत होतं. माणूस आपल्या सोयीचं करताना इतका प्रेमळ होतो की त्याचं त्यालाच भरून येतं.

प्रशिक्षणाच्या दिवशी ताईला आधी खुर्चीत ताठ बसवून गालांवर पेनानं रेघा ओढल्या. आडवं झाल्यावर कोणाचाही चेहरा मागे सरकतो आणि तरणा दिसतो, म्हणून खुणा बसवूनच करायच्या असतात. मग टेबलावर घेतलं. भूल फक्त गालापुरती होती, कान उघडे होते. डोळ्यांवर कापड, भोवती पाहुण्या डॉक्टरांचं कडं, आणि धाकटीचा खणखणीत आवाज.

"हे बघा, आदर्श केस आहे. गाल पूर्ण घसरलाय. इथं जबड्यावर कशी पिशवी लोंबतेय बघा. काळजी न घेतलेली कातडी. याहून खाली गेलेला चेहरा तुम्हाला सहसा टेबलावर मिळणार नाही."

कोणीतरी हसलं. धाकटी पण हसली. दोरा वर ओढताना आतून कर्र असा आवाज आला, तो ताईला कवटीत ऐकू आला. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

निकाल खरोखर अप्रतिम होता. सूज उतरली तसा ताईचा चेहरा असा काही वर आला की शेजारीण दारातच थबकली. पथ्य मात्र कडक होतं. उताणं झोपायचं, मऊ खायचं, खळखळून हसायचं नाही, आणि काटे नीट धरेपर्यंत काही आठवडे तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडायचं नाही. धाकटीनं हे सगळ्याच पेशंटना पाठ म्हणून दाखवावं तसं ताईलाही म्हणून दाखवलं. ही बाई दिवसातून चार वेळा कशासाठी आ करते, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. आ करून भरवताना ताईला बघायला ती कधी जेवणाच्या वेळी थांबलीच नव्हती.

आईनं पहिल्याच दिवशी चमचा परतवला. समोर एक ताणलेल्या चेहऱ्याची अनोळखी बाई, ओठ मिटून चमचा पुढे करतेय. आई तिच्या खांद्यावरून मागे, दाराकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. लापशी गालावरून उशीवर ओघळली.

ताईनं फोन केला. "आई जेवत नाहीये गं."

"होईल सवय. नवा चेहरा आहे."

"तिच्याकडे सवय व्हायला डोकं कुठे उरलंय?"

"प्रोटीनचं पेय पाठवते, ते देऊन बघ," असं म्हणून धाकटीनं फोन ठेवला, कारण बाहेर पेशंट बसले होते.

पेयही उशीवर गेलं. आईचे ओठ सुकून चिरले, लघवी कमी झाली. घरी येणारे डॉक्टर तपासून म्हणाले की उद्यापर्यंत बघू, नाहीतर इस्पितळात नेऊन नाकातून नळी घालावी लागेल. "आणि त्या नळी ओढून काढतील, म्हणून हात बांधावे लागतील," हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. ताईनं धाकटीला परत फोन लावला आणि फक्त म्हणाली, "ये." त्या आवाजावर धाकटी पेशंट टाकून आली.

आली तेव्हा दुपारच्या लापशीची वेळ होती. आई भिंतीला टेकून बसली होती. दोन-चार दिवसांत ती पार आटली होती. ताईनं चमचा पुढे केला, ओठ जेमतेम उघडले आणि दात न दाखवता म्हणाली, "आ."

आईनं तिच्याकडे पाहिलं आणि चमचा हातानं बाजूला केला. "आई कुठंय?" ती म्हणाली. मग पुन्हा दाराकडे बघत, "आई?"

ताईनं वाडगा खाली ठेवला. "काढ," ती धाकटीला म्हणाली.

"काय?"

"हे तू घातलंयस ते. काढ."

"अगं, तो असा निघत नाही. काटे उलटे असतात. ओढला तर आणखी रुततो. चिरा द्यायला लागतील, व्रण राहतील. थांब थोडं, सहा-आठ महिन्यांत विरघळेल."

"आईकडे आहेत सहा-आठ महिने?"

धाकटीच्या तोंडून निघू नये ते निघून गेलं, आणि ते खरंच मनापासून होतं. "ताई, इतका चांगला निकाल मला आजवर कोणाचाच मिळाला नाही गं."

"माहीत आहे. टाळ्या ऐकल्या मी," ताई म्हणाली. "आणि पिशवी लोंबतेय तेही ऐकलं. तू भूल गालाला दिली होतीस, कानाला नाही."

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. ते मी शिकवत होते, शिकवताना तसंच बोलावं लागतं, असं काहीबाही ती पुटपुटली. ताईनं ते ऐकून घेतलं नाही.

"चिरा न देता काही होतं का, ते सांग."

होत होतं. पहिल्या काही दिवसांत काटे पुरते धरलेले नसतात. अंगठ्यानं गाल दोऱ्याच्या उलट्या दिशेनं जोर लावून रगडला तर ते एकेक करून सुटतात. एखाद्याला खळी पडली, गाल जास्त चढला तर धाकटी हे भूल देऊन, थोडंसं करायची. सगळा गाल उतरवायचा म्हणजे वेगळी गोष्ट.

"भूल देते आधी."

"भुलीनं तोंड सुन्न होईल. मग आ कशी करू? तशीच कर."

"फार दुखेल."

"तुझा प्रश्न नाही तो."

ताई पलंगाजवळच्या स्टुलावर बसली. धाकटीनं हात धुतले, तिच्या मागे उभी राहून तिचं डोकं आपल्या पोटाशी घट्ट धरलं आणि उजवा अंगठा गालाच्या हाडाखाली रोवला. तिनं आपल्या बहिणीच्या डोक्याला असं कवटाळून किती वर्षं झाली होती कोण जाणे. मग तिनं अंगठा दाबून खाली ओढला. आत टच्‌ असं काहीतरी सुटलं. ताईचं अंग ताठरलं. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा दोन-तीन काटे एकदम सुटले, आणि इतका वेळ दात आवळून बसलेली ताई ओरडली. साधंसुधं नाही ओरडली. तोंड पार फाकवून, पडजीभ दिसेल अशी, घसा फोडून ओरडली, आणि त्यात नुसतं गालाचं दुखणं नव्हतं.

"सोड!"

हे ताई म्हणाली नव्हती. पलंगावर आई भिंत सोडून पुढे झाली होती. तिच्या डोळ्यांत कितीतरी महिन्यांत नव्हती ती धार होती. तिनं काडीसारखा हात उगारला आणि धाकटीच्या मनगटावर फटकन मारला. पुन्हा मारला.

"सोड तिला! माझ्या आईला का मारतेस? चल, हो बाहेर!"

अख्खं वाक्य. धाकटीनं आईच्या तोंडून अख्खं वाक्य कधी ऐकलं होतं, ते तिला आठवेना. आणि ऐकलं तर हे. तिनं हात काढून घेतले.

आईनं ताईचा चेहरा दोन्ही हातांत धरला. उजवा गाल लाल होऊन खाली आला होता, डावा अजून वर, ताठच्या ताठ. आईनं उजव्या गालावरून बोटं फिरवली. "दुखलं?" तिनं विचारलं.

"नाही गं बाळा," ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. तिनं वाडगा उचलला, चमचा भरला आणि उरलेल्या डाव्या गालाची पर्वा न करता मोठ्ठा आ केला. त्या बाजूचा दोरा आत कचकचला असणार, कारण तिची भुवई आक्रसली. आईचं तोंड उघडलं. चमचा आत गेला. आईनं गिळलं.

दुसरा चमचा गेला, तिसरा गेला. धाकटी बघत उभी होती. डोक्यात मात्र तिची ती मेली सवय चाललीच होती. दोन्ही बाजू सारख्या करायला हव्यात, निदान डावा थोडा उतरवायला हवा, हे असं वाकडं कसं ठेवायचं. "ताई," ती हळूच म्हणाली, "दुसरी बाजू..."

तिच्या आवाजासरशी आईचं तोंड मिटलं. तिनं ताईची बाही घट्ट पकडली आणि अंग चोरून तिच्या आड झाली. ताईनं मान न वळवता हात मागे करून धाकटीला खूण केली, मागे हो. धाकटी दाराशी गेली. उंबऱ्यापलीकडे, पडद्याच्या कडेला उभी राहिली. तिथून तिला आईचे पांढरे केस आणि चमच्याची ये-जा दिसत होती.

आई दबक्या आवाजात म्हणाली, "ती बाई गेली?"

ताईनं वर पाहिलं. बहिणीची नजर तिच्या नजरेला भिडली, आणि धाकटीला वाटलं, आता ताई सांगेल, अगं ती कोणी परकी नाही, आपली धाकटी आहे. ताईनं चमच्याच्या कडेनं आईच्या हनुवटीवर ओघळलेली लापशी निपटून घेतली.

"गेली," ती म्हणाली. "आ कर."