शेजारचा ब्रेक

अर्ध्या शहराला गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या पोरीला साधा गिअर टाकता येत नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तिचे बाबा सव्वीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवत होते. 'सावकाश' हा शब्द ते दिवसातून इतक्या वेळा उच्चारायचे की शिकणारी मंडळी त्यांना सावकाश सरच म्हणायची, आणि पुढे पुढे त्यांचं खरं नाव बायको आणि पोस्टमन सोडून कुणाला आठवेना. पोरगी फारच मागे लागली की म्हणायचे, "आधी लोकांची पोरं, मग घरची. अठराची हो, मग बघू."

ती अठराची व्हायला तीन आठवडे राहिले होते. सकाळचा दुसरा धडा संपवून त्यांनी गाडी घरासमोर लावून घेतली, शिकणारा निघून गेला, आणि ते शेजारच्या सीटवर बसल्या बसल्याच गेले. आई चहा घेऊन बाहेर आली, तेव्हा जरा डोळे मिटून बसलेत असंच तिला वाटलं. कप टपावर ठेवून ती दोन मिनिटं त्यांच्याशी बोलतही होती.

त्या सीटसमोर पायाशी एक जास्तीचा ब्रेक होता. शिकवणीच्या गाड्यांना असतो. एका तारेने तो शिकणाऱ्याच्या ब्रेकला जोडलेला असतो. शिकवणाऱ्याने दाबला की गाडीचा खरा ब्रेक लागतो. शिकणाऱ्याने स्वतःचा दाबला तर मात्र शेजारचा जागचा हलत नाही. म्हणजे तो ब्रेक खाली जाताना दिसला, तर तो त्याच सीटवरून कुणीतरी दाबलेला असणार. दुसरा मार्ग नाही.

सहा महिने गाडी दारात झाकून पडली. मग एके दिवशी आई म्हणाली, "ही दिसली की घास उतरत नाही मला. कुठल्या तरी ड्रायव्हिंग स्कूलला देऊन टाकू."

"मी शिकते आधी हिच्यावर," पोरगी म्हणाली. "मग दे."

आई तिच्याकडे वळली. "ज्या दिवशी परीक्षा पास होशील, त्या दिवशी गाडी जाईल. कबूल?"

"कबूल."

शिकवायला मिस्त्रीकाका आले. आले म्हणजे काय, त्यांचं गॅरेज मागच्याच गल्लीत होतं आणि बाबांची ही गाडी अकरा वर्षं त्यांच्याच हाताखालून जात होती. बुटका, तोंडाळ, कामाला वाघ. त्यांनी पहिले पंधरा दिवस पोरीला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. "आधी हात काळे कर," म्हणाले. तिने तेलाची पट्टी ओढून फडक्याला पुसली, पुन्हा बुडवून बघितली. इंजिन गार असताना रेडिएटरमध्ये पाणी भरलं, आणि गरम असताना झाकण का उघडायचं नाही ते काकांच्या मनगटावरच्या डागावरून शिकली. चाक बदलताना तिने आधी जॅक लावला आणि मग नट सैल करायला गेली. चाक हवेत गरगर फिरायला लागलं आणि पाना घेऊन ती त्याच्या मागे. काका पोट धरून हसले. "आता जन्मात विसरणार नाहीस," म्हणाले. बंद गाडीत बसून डोळे मिटून तिने गिअर शंभर वेळा टाकले. क्लच कुठे पकडतो ते पायाला कळतं, कानाला कळतं, डोळ्याला कधीच कळत नाही, हेही तिला तिथेच समजलं.

सोळाव्या दिवशी ते गोदामांच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर गेले. तिने क्लच झटक्यात सोडला, घाबरून पाय ॲक्सिलरेटरवरच दाबून धरला आणि गाडी समोरच्या भिंतीकडे उसळली. तेवढ्यात ब्रेक लागला. गाडी भिंतीपासून दोन हातांवर उभी राहिली.

"बरं झालं तुम्ही दाबलात," ती धापा टाकत म्हणाली.

"मी कुठे दाबला?" काका म्हणाले. "तूच दाबला असशील. घाबरलं की माणसाला कळत नाही."

तिने खाली बघितलं. तिचा पाय अजून ॲक्सिलरेटरवरच होता.

दुसऱ्या दिवशी तसंच झालं, आणि काकांना राग आला. "तीस वर्षं गाड्या उघडतोय. गाडीत भूत नसतं, सैल नट असतो." त्यांनी अख्खी दुपार शेजारच्या ब्रेकखाली डोकं घालून काढली. तार नवी टाकली. ब्रेकला वर ओढून धरणारी स्प्रिंग नवी आणली आणि ती तिच्याच हातून बसवून घेतली, इतकी घट्ट की बसवताना तिच्या बोटाचं साल निघालं. मग म्हणाले, "आता लागू दे बघू."

तिसऱ्या दिवशी ते त्या सीटवर चक्क मांडी घालून बसले. कोपऱ्यावर ती जोरात वळली, पुढे खड्डा होता, आणि दोघांनीही बघितलं. शेजारचा ब्रेक खाली गेला. झटक्यात नव्हे. आधी थोडासा, चाकांना इशारा दिल्यासारखा, मग सावकाश पूर्ण. असा ब्रेक अख्ख्या शहरात एकच माणूस दाबायचा.

मिस्त्रीकाकांनी स्वच्छ असलेले हात फडक्याला पुसले, पुन्हा पुसले. "आज पुरे," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून ते गाडीत बसताना दार उघडून क्षणभर थांबायचे, जागा द्यायला सांगावं तसे, आणि मग अंग चोरून मांडी घालायचे.

पोरीला भीती वाटली का? वाटली. घरी येऊन तिने दोनदा तोंड धुतलं आणि आईच्या नजरेला नजर दिली नाही. पण भीती दोन दिवसांत ओसरली आणि तिच्या जागी जे आलं ते भीतीपेक्षा वाईट होतं. तिला ते आवडायला लागलं. बाबा होते. दिसत नव्हते, बोलत नव्हते, पण तिची चूक झाली की पाय दाबत होते. जिवंतपणी कधी शेजारी बसून शिकवलं नाही, आता बसत होते. एकदा गॅरेजमध्ये कुणी नसताना तिने त्या ब्रेकच्या रबरावर हात ठेवला. उजव्या कडेला ते बुटाने गुळगुळीत झालं होतं, आणि गाडी रात्रभर थंडीत उभी असूनही ते कोमट लागलं. ती हात काढायला विसरली.

मग ती मुद्दाम चुकायला लागली. पुढे थांबायचंय हे तिला लांबून दिसायचं, तरी पाय उचलूनच ठेवायची. नजरेच्या कडेने शेजारी बघत राहायची. ब्रेक खाली गेला, गाडी मंदावली की छातीत गरम काही तरी पसरायचं. पहिल्या आठवड्यात ती थोडाच वेळ वाट बघायची. मग जरा जास्त. मग आणखी जास्त. परीक्षेची तारीख तिने दोनदा पुढे ढकलली. "हात बसला नाही अजून," आईला सांगितलं. आई म्हणाली, "घाई नाही," आणि दारातल्या गाडीकडे पाठ करून बसली.

काका काही दुधखुळे नव्हते. एका सकाळी म्हणाले, "रिव्हर्स तू माझ्यापेक्षा बरा घेतेस. चढावर गाडी एक बोटभर मागे येत नाही तुझी. आणि थांबायचं म्हटलं की तेवढा पाय मरतो होय?"

तिने बराच वेळ आरसा पुसला. "पास झाले की गाडी जाईल, काका. गाडी गेली की..." पुढचं तिला म्हणवेना.

"कळलं," काका म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या रात्री गाडी त्यांनी गॅरेजमध्येच ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी ती तिथे पोचली तेव्हा काका शेजारच्या सीटखालून पक्कड घेऊन बाहेर येत होते. "काय झालं?" तिने विचारलं. "काही नाही. चल," म्हणाले आणि मांडी घालून बसले. तिला वाटलं, करत असतील रोजचं काही तरी. आज मात्र त्यांचा एक हात हँडब्रेकवर होता.

सकाळचे दहा वाजले होते, ऊन लख्ख पडलेलं. दवाखान्यामागच्या लांब सरळ रस्त्यावर पुढे एक म्हातारे गृहस्थ रस्ता ओलांडत होते. मधोमध त्यांची पिशवी फाटली, बटाटे घरंगळले आणि ते वाकून एकेक वेचायला लागले. तिला सगळं नीट दिसलं. वेळ भरपूर होता. तिने पाय उचलून ठेवला आणि वाट बघितली.

शेजारचा ब्रेक खाली गेला. आधी थोडासा, मग सावकाश पूर्ण. गाडी मंदावली नाही.

ब्रेक वर आला आणि पुन्हा खाली गेला, या खेपेला जोरात. काहीच झालं नाही. मग तो खालच्या पत्र्यावर आपटायला लागला, धाड, धाड, धाड, आणि त्यात सावकाश असं काही उरलं नव्हतं. हँडब्रेकवरचा काकांचा हात तसाच थिजला होता. ते त्या ब्रेककडे बघत होते.

तिने दोन्ही पायांनी स्वतःचा ब्रेक दाबला. टायर किंचाळले, इंजिन बंद पडलं. म्हातारबुवा हातभर अंतरावर होते. ते सावकाश उभे राहिले, तिच्याकडे बघून म्हणाले, "डोळे आहेत की बटणं?" आणि उरलेले दोन बटाटे उचलून निघून गेले.

काकांनी फडक्याने घाम पुसला. "तार मी काढली सकाळी," ते म्हणाले. "शेवटच्या धड्याला तुझा बापही काढायचा, शिकणाऱ्याला न सांगता. तो हँडब्रेक धरून बसायचा. मीही धरला होता. पण ते बघितलं आणि हातच हलेना माझा. माझी चूक झाली, पोरी."

ती ऐकत नव्हती. शेजारचा ब्रेक अजून तळाला टेकलेला होता. तार नव्हती. स्प्रिंग तिनेच बसवलेली, कडक. ब्रेक खाली राहण्याचं काही कारण नव्हतं, तरी तो खालीच होता, आणि थरथरत होता. कुणी तरी अंगातला सगळा जोर लावून तो धरून ठेवला होता.

तेव्हा तिला कळलं. महिनाभर आपण रोज बाबांना भेटतोय असं ती समजत होती, आणि ते रोज नुसते घाबरत होते. प्रत्येक वळणावर, प्रत्येक कोपऱ्यावर, आपली पोरगी थांबत का नाही म्हणून त्यांचा जीव जात होता. मेलेल्या माणसाला तिने महिनाभर पुन्हा पुन्हा मरायला लावलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

तिने पट्टा सोडला, काकांच्या गुडघ्यांवरून ओणवी झाली आणि त्या ब्रेकवर हात ठेवला. रबर तापलं होतं.

"थांबलेय मी, बाबा," ती म्हणाली. "बघा, थांबलीये गाडी. सोडा आता."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तिच्या तळव्याखाली ब्रेक हळूहळू वर आला. तिने हात तिथेच ठेवला. रबर गार होत गेलं, आणि मग ते नुसतं रबर राहिलं.

मागून एकाने हॉर्न वाजवला. तिने पट्टा लावला, आरसे बघितले, गाडी चालू केली. घरापर्यंत सात ठिकाणी थांबावं लागलं. सातही ठिकाणी ती वेळेवर थांबली आणि सातही वेळा तिने शेजारी बघितलं. तो ब्रेक जागचा हलला नाही. शेवटचं थांबणं घरासमोरचं होतं. तिने हँडब्रेक ओढला, गिअर काढला, किल्ली फिरवली, आणि मगच रडली.