वर्ग बंद पडू दिला नाही

मी एक जुनी पेटी आहे. गाण्याच्या साथीला वाजवतात ती, मित्रांनो. कपड्यांची समजून डोक्यावर गाद्या रचू नका. एका शिपायानं रचल्या होत्या, तेव्हापासून माझी एक पट्टी अडकते.

नौपाड्यातल्या त्र्यंबकरावांनी मला घडवलं. एकेक सूर कानाजवळ धरायचे, घासायचे, पुन्हा ऐकायचे, आणि मनासारखा लागला नाही की स्वतःवरच चिडायचे. पुढे सरकारी अनुदानातून मला विकत घेतलं आणि आंबिवलीच्या एका शाळेत पाठवलं. तिथं दर शनिवारी गाण्याचा मोफत वर्ग भरे. शिकवणाऱ्या विमलाबाईंचं मानधन, तबलजी, माझी डागडुजी, सगळं त्याच अनुदानातून चाले.

रिक्षावाल्यांची, भाजीवाल्यांची, कारखान्यातल्या कामगारांची मुलं यायची. कुणी घरचं भजन घेऊन येई, कुणी भीमगीत. बाई म्हणत, "अगं, आधी सा तर लाव नीट, मग तुझं गाणं!" वर्गातल्या सान्वीची आजी भीमाबाई चार घरची धुणीभांडी उरकून दारात येऊन बसे. एकदा म्हणाली, "आमच्या घरात बायामाणसं मोठ्यानं बोललीसुद्धा नाय कधी. ही तर गातेय!" काय सांगू, तेव्हा मला फार बरं वाटलं.

दोन वर्षांपूर्वी सरकारी खर्चाला कात्री लागली. आमचं गाणं म्हणे अत्यावश्यक नव्हतं. तबलजी यायचा बंद झाला. बाई मात्र येत राहिल्या. आठवडाभर ठाण्यात शिकवण्या आणि शनिवारी इथं. माझ्या भात्याला चीर पडली, तेव्हा त्यांनी स्वतःची जुनी पर्स कापली आणि तिचा तुकडा मला चिकटवला. दुपारचा डबा आणणंही त्यांनी सोडलं होतं. मुलांना सांगत, "मी जेवून आलेय रे."

यंदा अनुदानासाठी पुन्हा अर्ज करायचा होता. बाईंनी सुवाच्य अक्षरात अभिमानानं लिहिलं, 'अनुदान थांबले तरी आम्ही एकही शनिवार वर्ग बंद पडू दिला नाही.' मग मला रिक्षात घालून बाई, सान्वी आणि भीमाबाई अनुदान मंजूर करणाऱ्या साहेबांच्या कचेरीत गेल्या.

सान्वी गायली. काय गायली पोरगी! मीही हट्टाला पेटले, ठिगळाच्या भात्यानिशी एकही सूर ढळू दिला नाही. साहेब डोळे मिटून ऐकत होते. माणूस वाईट नव्हता हो.

"वा, मॅडम!" ते म्हणाले. "अनुदान नसताना तुम्ही इतकं छान चालवताय. मग आता कशाला हवंय? जे वर्ग बंद पडलेत, त्यांचं आधी बघू."

भीमाबाई म्हणाली, "साहेब, बाई उपाशी राहून चालवतात."

"खरं असेल, मावशी. पण फाईलीत वर्ग चालू दिसतोय."

मित्रांनो, मला इतकी लाज वाटली! मी मेली एखादा सूर चुकले असते, तर काहीतरी मिळालं असतं का? पण चुकायचं कुणी शिकवलंच नव्हतं आम्हाला.

त्यानंतर बाई तीन शनिवार आल्या. चौथ्या शनिवारी मुलांसमोर रडल्या आणि म्हणाल्या, "मला नाही रे झेपत आता." ठाण्यात त्यांनी आणखी दोन शिकवण्या धरल्या. वर्गाला कुलूप लागलं.

मी आता खिडकीशी पडून आहे. मधल्या सुट्टीत सान्वी गजांतून हात घालते आणि माझी पट्टी दाबते. भात्यापर्यंत तिचा हात पोचत नाही, म्हणून आवाज येत नाही. तरी ती दाबून बघते.

मित्रांनो, तुमच्या गावात असा एखादा वर्ग चालू असेल, तर नुसतं कौतुक करून घरी जाऊ नका. तो कुणाच्या जिवावर चाललाय, ते विचारा. बाई जेवल्या का, तेही विचारा. आणि हे सगळं मोठ्यानं, साहेबांच्या समोर विचारा. वर्ग चालू आहे, तोवरच विचारा.