टेबलाखालची दांडी

माझं पहिलं स्टूल लंगडं होतं. दुसरंही लंगडंच, फक्त वेगळ्या पायाने. माझी बायको नुरीस आल्यागेल्याला दोन्ही दाखवायची आणि म्हणायची, "एलादिओला म्हातारपणी छंद लागलाय. बसू नका हं, नुसतं बघा."

जन्मभर मी मोका गावात घरोघरचे विजेचे मीटर वाचत हिंडलो. निवृत्त झालो आणि घरापुढच्या पडवीत एक जुनं दार आडवं टाकून त्याचा कामाचा ओटा केला. एक रंधा घेतला, दोन पटाश्या घेतल्या, बारीक दात्यांची करवत घेतली आणि फोनवर बघून बघून लाकूडकाम शिकायला बसलो. गल्लीला फुकटची करमणूक झाली. पाव आणायला निघालेली माणसंसुद्धा थांबून विचारायची, "आज काय वाकडं करतोयस, एलादिओ?"

हसला नाही तो एकटा किरिको. तो माझ्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणजे माझा कोंपाद्रे. आमच्याकडे हे नातं भावाच्या वरचं. शिवाय डॉमिनोतही तो माझा जोडीदार होता. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या ओसरीवर रोज संध्याकाळी आम्ही समोरासमोर बसायचो आणि गल्लीतल्या बहुतेकांना घरी पाठवायचो. डॉमिनोत जोडीदाराशी बोलायचं नसतं. डोळा मारायचा नाही, खाकरायचं नाही. तो किती ठिपक्यांची सोंगटी टाकतो त्यावरून त्याच्या हातात कुठले आकडे आहेत ते ओळखायचं. किरिकोच्या मनातलं मला असं न बोलता कळायचं. निदान मी तसं समजत होतो.

एका दुपारी तो पडवीत आला. मी एका खोक्याचे कोपरे जुळवत होतो. त्याने सांध्यावरून बोट फिरवलं, डोळ्याजवळ धरून पाहिलं आणि म्हणाला, "कोंपाद्रे, यातून केससुद्धा जायचा नाही."

मी विरघळलोच. इतक्या टिंगलीनंतर कुणी चांगलं म्हटलं की माणूस किती स्वस्तात विकला जातो, ते मला विचारा.

"दुकानातलं टेबल बघितलंस ना?" तो पुढे म्हणाला. "प्लास्टिकचं. सोंगटी आपटली की बाटल्या नाचतात. जत्रेच्या स्पर्धेला आपल्या गल्लीचं स्वतःचं टेबल हवं, आणि ते तू करायचंस."

"मी? अरे, सोतेरो सुतार आहे की गावात."

"सोतेरो खिळे ठोकतो. तुझ्यासारखा जीव लावत नाही. फक्त एक कर. खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधोमध एक दांडी घाल पाय टेकवायला. माझा गुडघा तुला ठाऊक आहे. आणि ती अशी घट्ट बसव, की टेबल आणि दांडी जसं एकच लाकूड."

रात्री नुरीसला सांगितलं तर ती म्हणाली, "किरिकोचा गुडघा? परवा बाखाताचं गाणं लागल्यावर नाचत होता की."

मी तिच्यावर चिडलो. तुला माझं चांगलं झालेलं बघवतच नाही, असंही म्हणालो.

लाकडासाठी मी आईचा पलंग मोडला. जुनी महोगनी, तांबूस, जड. तसं लाकूड आता मिळत नाही. आई त्याच पलंगावर गेली होती आणि मीही त्याच्यावरच जन्मलो होतो. फळीवर पहिल्यांदा रंधा फिरवला तेव्हा जुन्या पॉलिशखालून लाकडाचा वास आला आणि मी थोडा वेळ तसाच थांबलो. मग कामाला लागलो. टेबलाला प्रत्येक बाजूला ग्लास ठेवायला गोल खळगा केला, सोंगट्या टेकवायला काठ केला. दोन टोकांना पायांच्या जोड्या आणि प्रत्येक जोडीत खाली एक आडवी पट्टी. त्या दोन पट्ट्यांना जोडणारी किरिकोची दांडी मी सगळ्यात शेवटी बसवली. दांडीचं टोक खाचेत बसायला हवं, पण हाताने ढकलून बसता कामा नये. पटाशीने कागदाइतकी साल काढायची, घालून बघायचं, पुन्हा साल काढायची. शेवटी लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी ती आत गेली, तेव्हा तिचा आवाज भरीव झाला. सरस लावायची गरजच पडली नाही. वरून एक लाकडी खुंटी मारली आणि झालं.

टेबल दुकानात गेलं त्या संध्याकाळी गल्ली गप्प झाली. म्हातारा पेर्सिओ आमचा गुरू. गावचा शिंपी. मला आणि किरिकोला पोरवयात डॉमिनो त्यानेच शिकवला. त्याने टेबलाच्या कडेवरून कापड चाचपावं तसा हात फिरवला आणि म्हणाला, "आता मीटरवाला म्हणायची सोय राहिली नाही तुला." मी त्या दिवशी सगळ्यांना रम पाजली.

आणि त्याच आठवड्यात किरिको मला म्हणाला, "यंदा स्पर्धेत मी वास्कारला घेऊन बसतो." वास्कार त्याचा जावई. गॅसच्या टाक्यांचं दुकान चालवतो. डॉमिनोत अगदीच कच्चा. "तुझं टेबल आणि खेळायलाही तूच, लोक बोलतील, कोंपाद्रे. आणि हल्ली तुझ्या लक्षात राहत नाहीत सोंगट्या. रागावू नकोस."

मी रागावलो नाही. मला वाईट वाटलं, फार वाटलं, पण मनाची समजूत घातली की मित्र खरं बोलतो तेव्हा ऐकावं. मी ओसरीच्या कठड्यावर बसून त्यांचा खेळ बघायला लागलो. कच्चा वास्कार अचानक पक्का झाला होता. नेमकी हवी ती सोंगटी टाकायचा. एकेक जोडी घरी जात होती. किरिको दरवेळी फ्रिजकडे पाठ करून टेबलाच्या त्याच टोकाला बसायचा, आणि सासऱ्यासमोर जावई. अंतिम सामना पेर्सिओ आणि त्याच्या बहिणीशी ठरला. बक्षीस होतं एक बोकड.

सामन्याच्या आदल्या सकाळी मी टेबल पुन्हा पॉलिश करायला पडवीत आणलं. ओट्यावर उलटं ठेवलं आणि पॉलिश पेपर हातात घेऊन दांडीपाशी थांबलो.

किरिकोच्या टोकाला दांडीवर बारीक खड्डे पडले होते. सगळे एकाच जागी, चंद्रकोरीसारखे. त्याच्या बुटाच्या टाचेचे. आता पाय टेकवला तर लाकूड झिजतं, गुळगुळीत होतं, त्यात खड्डे पडत नाहीत. खड्डे पडायला ठोकावं लागतं. दुसऱ्या टोकाला बघितलं तर तिथे एकही खड्डा नव्हता. तिथे पॉलिश मळून काळं पडलं होतं, घामट, आणि त्यात पायाच्या अंगठ्याचा ठसा. वास्कार चप्पल काढून बसायचा, ते मला आठवलं. उकाडा होतो म्हणायचा.

मी टेबल सरळ उभं केलं आणि नुरीसला हाक मारली. ती केळी सोलता सोलता आली, सुरी हातातच.

"चप्पल काढ. इथे बस आणि पाय या दांडीवर ठेव. डोळे मीट."

"आता हे काय नवीन?"

"मीट तर खरं."

मी दुसऱ्या टोकाला बसून टाचेने हळूच ठोकलं. आवाज असा काही झाला नाही.

"तीन," ती म्हणाली. पुन्हा ठोकलं. "दोन. आता पाच. अरे म्हाताऱ्या, पायात नाडी लागल्यासारखं कळतंय की! कशासाठी आहे हे?"

तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, मग दांडीकडे, आणि तिला समजलं. माझ्या बायकोला मी न सांगता सगळं समजतं. किरिकोचा गुडघा तिला त्याच रात्री समजला होता.

"मेल्याच्या तोंडावर उकळतं पाणी ओतते," ती उठली. "एका बोकडासाठी! आणि तुझ्या आईच्या पलंगाचं लाकूड!"

"तू काही करायचं नाहीस," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

पेर्सिओला सांगता आलं असतं. पण सांगायचं काय? की आमच्या गल्लीचं टेबल, ज्याच्यावरून सगळ्यांनी हात फिरवले, ते लबाडीचं यंत्र आहे आणि ते मी बांधलंय? कोण मानेल की मला ठाऊक नव्हतं? मी खुंटी बाहेर काढली. दांडी सोडवली. साल साल काढून घट्ट केलेला सांधा पटाशीने दोन्ही बाजूंनी तासला आणि खाचेत मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर कोंबलं, म्हणजे ठोका रबरातच जिरेल. दांडी परत बसवली. वरून काही फरक दिसत नव्हता. चांगलं काम बिघडवायलाही चांगलंच काम करावं लागतं.

जत्रेच्या दिवशी ओसरीत उभं राहायला जागा नव्हती. बोकड खांबाला बांधला होता आणि कुणाची तरी टोपी चघळत होता. किरिको माझ्या खांद्यावर थाप मारून फ्रिजकडे पाठ करून बसला. खेळ सुरू झाला आणि पहिल्याच डावात वास्कार अडला. त्याने सासऱ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, मग चुकीची सोंगटी टाकली. दुसऱ्या डावातही तेच. किरिकोच्या कानशिलावरून घाम ओघळू लागला. टेबलाखालून टक टक ऐकू आली. मग ठक ठक. वास्कार वेड्यासारखा दांडीवर पाय चाचपत होता.

पेर्सिओने हातातल्या सोंगट्या उपड्या ठेवल्या.

"किरिको," तो शांतपणे म्हणाला, "टेबलाखाली काय ठोकतोयस?"

गाणं चालू होतं, ते दुकानदाराने बंद केलं. किरिको म्हणाला, "गुडघा." कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, पण ते हसणं काही चांगलं नव्हतं. पेर्सिओ हसला नाही. त्याने आधी दांडीकडे पाहिलं आणि मग, बराच वेळ, माझ्याकडे. सामना त्याने जिंकला. जाताना मला नमस्कार न करता गेला.

दुसऱ्या दिवशी किरिको पडवीत आला. मी ओट्याशी होतो, पण काही करत नव्हतो.

"काय केलंस तू?" त्याने विचारलं.

"सांधा सैल केला."

"मला एका शब्दाने विचारायचंस."

"तू विचारलंस मला?"

"तू नाही म्हणाला असतास," किरिको म्हणाला. "म्हणून तर वास्कारला बसवलं. तुझ्याच्याने असलं झालं नसतं, मला माहीत आहे ना."

"मग टेबल माझ्याकडून का? सोतेरो होता. पैसे टाकले असतेस, त्याने काही विचारलं नसतं. माझ्या आईचा पलंग मोडला मी, किरिको."

मग त्याने ओट्यावरचं ते खोकं उचललं, ज्याच्यावरून कधीकाळी बोट फिरवलं होतं, आणि खाली बघत म्हणाला, "सोतेरोकडे आधी गेलो होतो. माझ्या घरच्या टेबलाला त्याने दांडी बसवून दिली. पण सांधा मुका होता, काही पोचतच नव्हतं. दोनदा करून घेतली त्याच्याकडून. तुझ्यासारखा घट्ट सांधा या गावात कुणाला जमत नाही, कोंपाद्रे. हे मी खोटं नाही सांगत."

तो खोटं सांगत नव्हता. त्याचा चेहरा मला वाचता येतो, निदान एवढा तरी. हे ऐकायला मी त्या पडवीत वर्षं काढली होती, कुणीतरी सोतेरोच्या शेजारी माझं नाव घ्यावं म्हणून. ते घेतलं त्याने, आणि याच कारणासाठी मला निवडलं होतं.

"खोकं ठेव खाली," मी म्हणालो, "आणि पुन्हा मला कोंपाद्रे म्हणू नकोस."

त्याने ठेवलं आणि गेला. स्वयंपाकघरातून नुरीस ओरडली, "काय म्हणाला तो मेला?"

"माझं काम चांगलं आहे म्हणाला," मी म्हणालो.

ती टोमणा मारेल म्हणून मी वाट बघितली. ती हात पुसत बाहेर आली, माझ्या लंगड्या स्टुलावर पहिल्यांदाच बसली, आणि मला रडू आलं.