गोजराबाई गोड बोलल्या

"कमलाताई, दमलात हो! बसा जरा," गोजराबाई म्हणाल्या, आणि कमलाच्या हातातलं ताट पडता पडता राहिलं.

सासूबाई, आणि चक्क ताई? लग्न होऊन कानडी मुलखातल्या येलहंक्याच्या या घरात आल्यापासून त्यांच्या तोंडून गोड शब्द म्हणून तिने ऐकला नव्हता. चपाती जाड, भातावरचं सारू पातळ, सून आगाऊ, हेच रोजचं! कमलाचा नवरा येसाजी मात्र भलताच खूश झाला. "चला, एकदाचं युद्ध मिटलं."

"मिटलं कसलं डोंबल! अहो, आत्याबाईंनी आपल्या सुनेला ओळखलंच नाही."

"झोपाळल्यात स्वल्प. वय झालं आता." त्याने आईला थर्मामीटर लावून पाहिला. "बघ, ताप नाही, खोकला नाही. उगाच घर डोक्यावर घेऊ नकोस."

कमला कुठली ऐकतेय! ती सासूजवळ वाकली. बसल्या जागी त्यांना धाप लागली होती, श्वास भराभर चालला होता आणि ओठ निळसर दिसत होते. ही बाई भांडायची थांबते म्हणजे काय! "ऑटो आणा! आत्ताच्या आत्ता!" ती अशी कडाडली की येसाजी अनवाणीच पळाला.

दवाखान्यात डॉक्टर मनस्विनींनी बोटाला चिमटा लावला. रक्तातला ऑक्सिजन फारच खाली आला होता. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या तळाशी पांढरा डाग दिसला.

"न्यूमोनिया आहे. या वयात कधी कधी ताप येतच नाही, माणूस नुसता भ्रमल्यासारखा वागतो. बरं झालं, लगेच आणलंत."

नाकाला ऑक्सिजन लागला, शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं.

"मला ओळखतील ना हो परत?" विचारता विचारता कमलाला रडूच कोसळलं.

"औषध लागू पडू दे. वाट बघू या," डॉक्टर म्हणाल्या.

कमला खाटेजवळून हलली नाही. येसाजीने घरी जा म्हणून विनवलं, तर त्यालाच तिने पिटाळलं. श्वास हळूहळू संथ झाला, ओठांवर रंग आला, पण गोजराबाई डोळे काही उघडेनात.

दोन दिवसांनी सकाळी नर्स इंजेक्शन घेऊन आली. तिने दंड धरला मात्र, गोजराबाईंनी हात हिसकावून घेतला आणि खणखणीत कन्नडमध्ये तिला दटावलं, "थांब गं! ही माझी सून. आधी हिला विचार, मग टोच!"

"टोचा, सिस्टर, टोचा!" कमला हसत, रडत ओरडली.